आठ कप चहा आणि रोनाल्ड फिशर

मेसच्या चहाला नावं ठेवण्यात आपली चार वर्षं जातात. पण त्याच चहाच्या कपातून एक शास्त्र उभं करणारा माणूस होऊन गेला. एम-थ्रीमध्ये छळणाऱ्या एफ-टेस्टमधला 'एफ' तो हाच, रोनाल्ड फिशर.

जन्म १७ फेब्रुवारी १८९०, लंडनचा. नजर लहानपणापासूनच अधू. रात्री दिव्याखाली वाचायला बंदी, म्हणून मास्तर तोंडी गणित शिकवत आणि हा पठ्ठ्या कागदाशिवाय मनातच आकृत्या काढून ते सोडवी. चौदाव्या वर्षी आई गेली, पुढे वडिलांचा धंदा बुडाला. तरी स्कॉलरशिपवर त्याने केंब्रिज गाठलं. पहिल्या महायुद्धात डोळ्यांमुळे सैन्याने नाकारलं, मग काही वर्षं शाळेत शिकवलं. १९१९ साली तो रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागला.

तिथे म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाई होत्या. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं, असा त्यांचा दावा. बाकीचे हसले असतील, फिशरने मात्र त्यातून प्रयोग रचला. आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. आठातून चार निवडायचे प्रकार ७० (कॉम्बिनेशन आठवा!). म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १. १९३५ च्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या पुस्तकात त्याने हा प्रयोग मांडला.

त्याच पुस्तकात डार्विनच्या मक्याचं गणित आहे. रोपांच्या १५ जोड्या, प्रत्येकीत एक परपरागित, एक स्वपरागित. उंचीतला फरक खरा की योगायोग? फिशर म्हणाला, फरक योगायोगाचा असेल तर प्रत्येक जोडीत अधिक-उणे चिन्ह उलटलं तरी काय बिघडतं? असे ३२,७६८ प्रकार होतात. त्यातल्या १,७२६ प्रकारांत फरक तेवढा किंवा त्याहून मोठा निघाला. म्हणजे साधारण सव्वापाच टक्के. आणि हे कॉम्प्युटर नसताना!

आज मेंदूच्या एफएमआरआयमध्ये हीच युक्ती वापरतात. रुग्ण आणि निरोगी असे दोन गट असतील तर माणसांवरची लेबलं पिसायची. हे झाले चहाचे कप. एकाच माणसाची औषधाआधी आणि नंतरची मोजमापं असतील तर अदलाबदल त्याच्या स्वतःच्या आकड्यांतच. ही झाली मक्याची जोडी. दोन्ही एकत्र आले, तर आधी प्रत्येकाचा 'नंतर वजा आधी' काढायचा आणि मग गटांची लेबलं पिसायची. थोडक्यात, परिणाम शून्य असता तर जे बदलून चाललं असतं, तेवढंच बदलायचं. सरसकट पिसाल तर उत्तर चुकलंच म्हणून समजा.

फिशरच्या काळी हे हाताने करणं अशक्यप्राय होतं, म्हणून सूत्रं वापरत. पण २०१६ साली एकलुंड, निकोल्स आणि नुटसन यांनी दाखवलं की मेंदूच्या चित्रांत सूत्रांची गृहीतकं काही वेळा साफ कोसळतात. पाच टक्क्यांच्या जागी ७० टक्क्यांपर्यंत खोटे निकाल! पिसण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी टिकली.

आता दुसरी बाजू. फिशर भांडकुदळ होता. सुप्रजननवादाचा, म्हणजे माणसांची 'निवड' करण्याच्या विचाराचा, त्याने आयुष्यभर पुरस्कार केला. त्यामुळेच २०२० साली केंब्रिजमधल्या त्याच्या कॉलेजने त्याच्या स्मरणार्थ असलेली काचेची खिडकी काढली. १९५० च्या दशकात, तंबाखू उत्पादकांचा सल्लागार असताना, धूम्रपानाने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही म्हणून तो हटून बसला. कारण? सिगारेट कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, दोन्हीमागे आनुवंशिकताही असू शकेल. तर्क बिनचूक, पण इतर पुराव्यांचा ढीग त्याने पाहिलाच नाही. २९ जुलै १९६२ रोजी ऑस्ट्रेलियात ॲडलेडला तो वारला.

तेव्हा प्रोजेक्टचा निकाल मनासारखा आला की लगेच नाचू नका. लेबलं पिसून बघा. आणि तरीही डोळे उघडे ठेवा. तिथे फिशरसुद्धा चुकला.