ॲलन हॉजकिन

सर ॲलन लॉइड हॉजकिन (५ फेब्रुवारी १९१४ – २० डिसेंबर १९९८) हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म इंग्लंडमधील बॅनबरी येथे झाला व शिक्षण केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात झाले.

१९३९ मध्ये त्यांनी व अँड्र्यू हक्सली यांनी प्लिमथ येथे माकूळ या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूत विद्युत्‌अग्र घालून आतील विभव मोजले. मात्र लगेच महायुद्ध पेटले आणि हॉजकिन विमानांवरील रडारच्या कामात गुंतले. निष्कर्ष पूर्णत्वास जाण्यास १९५२ साल उजाडले. संवेद वाहताना प्रथम सोडियम आयन तंतूत शिरतात, नंतर पोटॅशियम आयन बाहेर पडून तंतू पूर्वस्थितीत येतो, असे त्यांनी दाखविले. या कार्यासाठी १९६३ चे नोबेल पारितोषिक दोघांना जॉन एकल्स यांच्यासमवेत मिळाले.

एवढ्या यशानंतर, पंचावन्नी ओलांडल्यावर, ते दृष्टिपटलाकडे वळले. प्रकाश पडल्यावर दृष्टिपेशींचा आतील विभव अधिक ऋण होतो, हे जपानमधील त्सुनेओ तोमिता यांनी आधीच दाखविले होते. म्हणजे या पेशींचा प्रवाह अंधारात चालू असतो: बाह्यखंडातून सोडियम आत येते आणि अंतःखंडातील मार्गिकांतून पोटॅशियम बाहेर जाते. प्रकाशाने पहिली वाट बंद होते, दुसरी मात्र उघडीच राहते. हॉजकिन यांनी डेनिस बेलर यांच्यासह कासवाच्या शंकू पेशींचा व पुढे इतर सहकाऱ्यांसह भेकाच्या शलाका पेशींचा प्रतिसाद बारकाईने मोजला.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद (१९७०–७५) व ट्रिनिटीचे प्रमुखपद (१९७८–८४) सांभाळतानाही त्यांचे हे संशोधन चालू होते. केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.