आधी स्वतःला टोचून घेतली!

दोस्तांनो, 22 फेब्रुवारी 2021 आठवते? अमरावतीसोबत आपलं अचलपूरही लॉकडाऊनमध्ये गेलं होतं. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. लस आली आणि वादही आला. मुंबईत तर दोन डोस नसतील तर लोकलचा पास मिळेना. लस सक्तीची असावी का, हा वाद मात्र फार जुना आहे, बरं का! तो समजून घ्यायचा तर वाल्डेमार हाफकिन यांना भेटा.

जन्म 1860 चा, ओडेसातल्या ज्यू घरातला. झारच्या रशियात ज्यू म्हणून प्राध्यापकी मिळेना, म्हणून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1893 मध्ये ती घेऊन भारतात आले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काही महिन्यांत लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, पण निभावलं. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना दिली.

त्याच वर्षी साथरोग कायदा आला. घरात शिरून झडत्या, माणसांना उचलून नेणं सुरू झालं. पुण्यात लोक इतके भडकले की रँडचा खून झाला. अशा संतापात लोकांनी लस घ्यावी तरी कशी? आगाखानांनी चारचौघांत टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांचा धीर वाढला.

1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन निलंबित झाले. दोष लशीचा नव्हता हे सिद्ध व्हायला 1907 उजाडलं. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. 1925 मध्ये तिला त्यांचं नाव मात्र मिळालं. 1930 मध्ये ते वारले.

आज अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात लस न घेतलेल्याशी भेदभाव करायला कायद्याने मनाई आहे. आपल्या सुप्रीम कोर्टानेही 2 मे 2022 ला सांगितलं, की कुणाला जबरदस्तीने लस देता येणार नाही. मात्र साथीत सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं.

म्हणजे नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पण तो वापरण्याआधी उपजिल्हा रुग्णालयात जा, डॉक्टरांना मनातल्या सगळ्या शंका विचारा. आणि घरातल्या आजीचाही विचार करा. तुमच्या निर्णयाची झळ तिलाही लागू शकते.