हॅरी फर्ग्युसन : बिघाडाच्या मागे लागलेला माणूस

मुलांनो, आपल्या वर्गातल्या पुष्कळ जणांनी आमच्या गॅरेजातली ती लाल, बिनटपाची गाडी पाहिली आहे. पेट्यांमधून सुटे भाग मागवून घरीच जुळवलेली ही छोटी स्पोर्ट्स कार. गेल्या उन्हाळ्यात तिने एक खोड काढली. रस्त्यावर पळताना सगळे ठीक, पण सिग्नलला थांबली की इंजिन तापायचे. मी घाईघाईने एकाच दिवशी थर्मोस्टॅट बदलला, पंखा बदलला आणि पाण्याचा पंपही बदलला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी काटा पुन्हा लाल रेघेवर! तीन गोष्टी एकदम बदलल्यामुळे कोणती बरोबर होती आणि कोणती चूक, काहीच कळेना.

मग शांतपणे बसून एकेक गोष्ट तपासली. या गाडीचे नाक बुटके, म्हणून रेडिएटर इंजिनापेक्षा खाली बसतो. पाण्यातली हवा नेहमी वर जाते. ती इंजिनाच्या माथ्यावर अडकून बसली होती. पाण्याची एक लहान टाकी सर्वांत उंच जागी बसवली, हवा निघून गेली आणि तक्रार संपली. भाग एकही खराब नव्हता, खराब होती ती माझी घाई.

आपल्या आयर्लंडात अशी घरच्या घरी यंत्रे बनवणारे आणखी कोणी होते का, असे माझ्या मुलीने तेव्हा विचारले. होते. त्यांचीच गोष्ट या अंकात सांगतो.

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1884 रोजी काउंटी डाउनमधल्या ग्रोवेल या खेड्यात झाला. वडील शेतकरी, स्वभावाने अतिशय कडक. अकरा भावंडांत हॅरीचा क्रमांक चौथा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या शेतावर राबू लागला. घोडे हाकणे, चिखलातून नांगरामागे चालणे यांचा त्याला मनापासून कंटाळा होता. देश सोडून कॅनडाला जावे असे त्याच्या मनात घोळत होते. आपल्यापैकी किती आईबाबांनी त्या वयात अगदी हाच विचार केला असेल! पण 1902 साली थोरला भाऊ ज्यो याने त्याला बेलफास्टमधल्या आपल्या सायकली व मोटारी दुरुस्त करण्याच्या दुकानात उमेदवार म्हणून बोलावले, आणि हॅरीला त्याचे जग सापडले.

त्या काळी मोटारगाडी हे नवे नवलाईचे यंत्र होते आणि ती वारंवार बिघडायची. इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखण्यात हॅरी तरबेज झाला. दुकानाचे नाव व्हावे म्हणून तो मोटारसायकलच्या शर्यतीतही उतरू लागला.

1909 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या ऱ्हाँस या गावी विमानांचा मोठा मेळावा भरला. फर्ग्युसन तो पाहून आले ते विमान बनवायचे ठरवूनच. भावाच्या दुकानातच त्यांनी ते बांधायला घेतले. लाकडी सांगाडा, वर कापड आणि 35 अश्वशक्तीचे इंजिन. तयार झालेले विमान मोटारीच्या मागे बांधून बेलफास्टच्या रस्त्यांवरून हिल्सबरोच्या मैदानावर ओढत नेले. लोक थबकून पाहत राहिले असतील!

पण विमान उडेना. पंख्याने त्रास दिला. तो दुरुस्त झाला तर हवा बिघडली. जवळजवळ आठवडा असाच गेला. अखेर 31 डिसेंबर 1909 रोजी, वर्ष संपता संपता, विमानाने जमीन सोडली आणि सुमारे 130 यार्ड, म्हणजे जवळजवळ 120 मीटर ते हवेत गेले. आयर्लंडच्या भूमीवरचे हे पहिले विमानोड्डाण. बनवणारा आणि उडवणारा एकच, वय वर्षे पंचवीस. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी न्यूकॅसलच्या किनाऱ्यावर सुमारे तीन मैल विमान उडवून 100 पौंडांचे बक्षीस मिळवले.

एवढे झाल्यावर कोणालाही वाटेल की हे गृहस्थ विमानांचे मोठे कारखानदार होणार. तसे झाले नाही. भावाशी मतभेद झाले आणि 1911 साली त्यांनी वेगळे दुकान काढले. तिथे मोटारींबरोबर ट्रॅक्टरही विकायला ठेवले. ज्या शेतीला कंटाळून ते पळाले होते तीच शेती त्यांच्यासमोर पुन्हा उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई झाली. 1917 साली आयर्लंडच्या शेतकी खात्याने ट्रॅक्टरांची कामे सुधारण्यासाठी फर्ग्युसन यांना देशभर फिरायला सांगितले. त्यांच्याबरोबर विली सँड्स नावाचा अत्यंत हुशार कारागीर होता. (फर्ग्युसन यांच्या कल्पना लोखंडात उतरल्या त्या बऱ्याचशा या सँड्सच्या हातांनी. त्याचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.) दोघे शेतोशेती हिंडले आणि दुसऱ्यांचे बिघाड पाहत गेले.

काय दिसले त्यांना? ट्रॅक्टर जड, नांगरही जड, आणि नांगर मागे बैलगाडीसारखा नुसता अडकवलेला. ट्रॅक्टर चालवायला एक माणूस, नांगरावर बसायला दुसरा. याहून वाईट म्हणजे जिवाला धोका. नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडाला अडकला की नांगर जागीच थांबे, पण इंजिन थांबत नसे. चाकांना पुढे जाता आले नाही की ट्रॅक्टरच चाकांभोवती वर उचलला जाई. पुढची चाके हवेत, आणि सगळे धूड मागे उलटून चालकाच्या अंगावर! कितीतरी शेतकरी असे दगावले.

इथे फर्ग्युसन यांचा मोठेपणा दिसतो. बाकीचे लोक ट्रॅक्टर वेगळा आणि नांगर वेगळा असे पाहून एकेकाला सुधारत होते. फर्ग्युसन यांना वाटले, बिघाड या दोघांत नाही, दोघांच्या जोडणीत आहे. दोन्ही मिळून एकच यंत्र झाले पाहिजे.

1917 सालीच त्यांनी एका ट्रॅक्टरसाठी हलका, बिनचाकी नांगर तयार केला. तेवढ्यात दुसरा ट्रॅक्टर बाजारात आला आणि पहिला मागे पडला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नव्या ट्रॅक्टरला नांगर दोन दांड्यांनी पक्का जोडला, तर उलटण्याचा धोका कमी झाला, पण नांगरट कमीजास्त खोल होऊ लागली. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की मागे फाळ हलायचा. ते दुरुस्त करायचे तर आणखी काही. असे करता करता 1926 साली मुख्य कल्पनेचे पेटंट मिळाले, 1933 साली काळ्या रंगाचा एक नमुना ट्रॅक्टर तयार झाला, आणि 1936 साली कारखान्यात बनलेले ट्रॅक्टर विक्रीला आले. 1917 ते 1936, एकोणीस वर्षे!

ती युक्ती समजून घेऊ. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन दांडे आणि वर मधोमध एक दांडा. या तीन ठिकाणी नांगर पकडलेला. माती फाळाला मागे खेचते तेव्हा नांगराचा वरचा भाग पुढे कलंडू पाहतो, आणि वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो. म्हणजे जो जोर पूर्वी ट्रॅक्टरला उलटवायचा, तोच आता पुढची चाके जमिनीला टेकवून ठेवतो. शिवाय नांगराचे वजन मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते, म्हणून ट्रॅक्टर हलका असला तरी चालतो.

वरच्या दांड्यापाशी एक स्प्रिंग असते. माती घट्ट लागली की स्प्रिंग दबते, झडप हलते आणि तेलाच्या दाबाने नांगर किंचित वर उचलला जातो. माती मऊ लागली की तो पुन्हा खाली येतो. दगडच अडकला तर चाकांवरचा भार एकदम कमी होतो आणि ती जागच्या जागी घसरतात. ट्रॅक्टर उलटत नाही. यंत्र स्वतःच स्वतःची चूक ओळखून सुधारते. आम्ही संगणकवाले लोक यालाच फीडबॅक म्हणतो. आज सुट्टीत गावी जाल तेव्हा कोणत्याही शेतातला ट्रॅक्टर मागून पाहा. सांगली असो की टिपररी, ते तीन दांडे दिसतील.

इथे आपल्याकडच्या एका माणसाची आठवण होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीही बेळगावला सायकलच्या दुकानापासूनच सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगर बनवला. 1910 साली औंध संस्थानातल्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. दोघांची भेट झाली नाही, पण दोघांनी आधी सायकल दुरुस्त केली आणि मग शेतकऱ्याचे ओझे हलके केले.

आता गोष्टीची दुसरी बाजू. 1938 साली फर्ग्युसन यांनी अमेरिकेत हेन्री फोर्ड यांना आपला ट्रॅक्टर चालवून दाखवला. फोर्ड इतके खूश झाले की दोघांनी नुसता हातात हात देऊन करार केला. फोर्ड यांनी ट्रॅक्टर बनवायचे, फर्ग्युसन यांनी विकायचे. कागदावर काही नाही. लाखो ट्रॅक्टर तयार झाले. पुढे कारभार फोर्ड यांच्या नातवाकडे गेला आणि तो करार त्याने संपवला. तीच जोडणी असलेले ट्रॅक्टर मात्र बनत राहिले. फर्ग्युसन यांनी 1948 साली कोर्टात 25 कोटी डॉलरांहून अधिक भरपाई मागितली. चार वर्षे खटला चालला. 1952 साली 92 लाख 50 हजार डॉलरांवर तडजोड झाली.

भाऊ, भागीदार, फोर्ड, पुष्कळांशी त्यांचे बिनसले. स्वभाव अतिशय हट्टी, स्वच्छतेचा आणि टापटिपीचा अतिरेक, माघार घेणे ठाऊक नाही. बिघडलेले यंत्र दुरुस्त करायला त्यांच्याकडे एकोणीस वर्षांचा धीर होता. बिघडलेल्या नात्यासाठी तेवढा धीर नव्हता. तुटलेल्या जोडणीचे मर्म ज्याने ओळखले, त्याच्याच आयुष्यात माणसांच्या जोडण्या तुटत गेल्या, याचे वाईट वाटते. थोरांचे गुण घ्यावेत, उणिवाही पाहून ठेवाव्यात.

1946 पासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला त्यांचा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर बनू लागला. दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक तयार झाले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जानेवारी 1958 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच ट्रॅक्टरांवरून! 1953 साली फर्ग्युसन यांनी आपली कंपनी मॅसी-हॅरिस या कंपनीत विलीन केली. किमतीत 10 लाख डॉलरांचा फरक राहिला, तो चक्क नाणेफेक करून मिटवला. फर्ग्युसन नाणेफेक हरले.

शेवटी ते पुन्हा मोटारींकडे वळले. ओल्या रस्त्यावर गाडी घसरू नये म्हणून चारही चाकांना इंजिनाचा जोर द्यायचा, अशी त्यांची धडपड होती. त्यांच्या मंडळींनी यासाठी एक शर्यतीची गाडी बांधली. 25 ऑक्टोबर 1960 रोजी फर्ग्युसन वारले. पुढच्या सप्टेंबरात औल्टन पार्कच्या ओलसर रस्त्यावर स्टर्लिंग मॉस यांनी त्याच गाडीने शर्यत जिंकली. बनवणाऱ्याला ते पाहायला मिळाले नाही.

ग्रोवेलला त्यांच्या जन्मघरासमोर एक स्मृतिउद्यान आणि पुतळा आहे. उत्तर आयर्लंडात नॉर्दर्न बँकेच्या 20 पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले. पण मला आवडते ते त्यांचे एक साधे स्मारक, त्यांच्या ट्रॅक्टरबरोबर मिळणारा पाना. ट्रॅक्टर आणि अवजारे यांच्या रोजच्या कामाच्या नटबोल्टांना त्यांनी दोनच मापे ठेवली, म्हणून शेतकऱ्याला हा एकच पाना पुरे. त्यावर इंचांच्या खुणाही कोरलेल्या, म्हणजे तीच मोजपट्टी. चिखलात एकट्या उभ्या असलेल्या माणसाची अडचण ज्याने लहानपणी स्वतः सोसली, त्यालाच हे सुचणार!

तर मुलांनो, गणित अडले, सायकल अडली किंवा मैत्री अडली, तर माझ्यासारखे तीन भाग एकदम बदलू नका. आधी नीट पाहा, आणि बिघाड भागात आहे की जोडणीत, ते शोधा.

घरी आईबाबांशी बोला :
1. दगड अडकल्यावर जुना ट्रॅक्टर मागे का उलटायचा? चित्र काढून सांगा.
2. तुमच्या घरात कोणी काय काय दुरुस्त करते? आजोबा-आजींना फोनवर विचारा आणि पाच वाक्ये लिहून आणा.
3. हातात हात देऊन केलेला करार तुम्ही केला असता का?