दुष्काळांतून आलेली आई : पंडिता रमाबाई

केडगांवच्या मुक्ति मिशनचें नांव आपल्या मंडळ्यांत बहुतेकांस ठाऊक आहे. तें कोणत्या दुःखांतून उभें राहिलें हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

रमाबाईंचा जन्म सन १८५८ त झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते. पत्नीस संस्कृत शिकविल्यामुळें त्यांस लोकांचा रोष सोसावा लागला. त्याच आईपाशीं रमाबाई संस्कृत शिकल्या. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत फिरे. सन १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत होतें नव्हतें तें सरलें. हलकी मजुरी करणें शास्त्र्यांच्या घराण्यास लाजिरवाणें वाटे. म्हणून कित्येक दिवस पाणी व रानांतला पाला यांवर काढिले. प्रथम वडील वारले, मग आई, मग थोरली बहीण. आईचें प्रेत उचलण्यास कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले. तिसरा भाऊ आणि चवथ्या खुद्द रमाबाई. त्या ठेंगण्या असल्यामुळें खांदा पुरेना. तेव्हां त्यांनीं तो भार डोक्यावर घेतला. हें लिहितांना आमची लेखणी अडखळते.

पुढें कलकत्त्यास मानमान्यता, विवाह, अल्पकाळांतच वैधव्य, सन १८८३ त इंग्लंडांत बाप्तिस्मा व सन १८८९ त मुंबईस शारदासदन, हा वृत्तांत वाचकांस परिचित आहे.

सन १८९६ त मध्यप्रांतांतील दुष्काळाची वार्ता आली. शारदासदन तेव्हां पुण्यास होतें; गांठीं पैसा नव्हता. आपण घरींच राहावें असें बाईंस प्रथम वाटलें, व तें त्यांनीं पुढें मोकळ्या मनानें कबूल केलें. परंतु स्वतःच्या उपासाचे ते दिवस त्यांस स्वस्थ बसूं देईनात. त्या गेल्या. तेथें त्यांस दिसलें कीं, अन्नाची लालूच दाखवून अनाथ मुलींस कुमार्गास नेणारे लोक टपलेले आहेत, आणि गरीबखान्यांतहि मुली निर्भय नाहींत. मग हिशेब बाजूस ठेवून त्यांनीं मुली आणिल्या. पुण्यास प्लेगामुळें सरकारनें त्यांस ठेवूं दिलें नाहीं. तेव्हां फळबागेसाठीं घेतलेल्या केडगांवच्या जमिनीवर त्यांची सोय केली. सन १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शिक्षणाबरोबर शेती, विणकाम व छपाई हीं कामें मुली शिकत.

सन १९२१ त एकुलती कन्या मनोरमाबाई वारल्या. बाईंनीं मराठी शास्त्राच्या भाषांतराचें काम तसेंच चालू ठेविलें, व तें पुरें करून ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच देह ठेविला.