दनी पापँ

दनी पापँ (जन्म: २२ ऑगस्ट १६४७, मृत्यू: ऑगस्ट १७१३) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ व संशोधक होते. इंग्रजी उच्चारानुसार त्यांचे नाव डेनिस पापिन असेही लिहिले जाते. प्रेशर कुकरचे पूर्वरूप असलेला पाचक आणि त्यावरील सुरक्षा झडप यांसाठी ते ओळखले जातात.

जीवन

पापँ यांचा जन्म फ्रान्समधील ब्लवा शहराजवळच्या शितने या गावी प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. आँजे येथे वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये क्रिस्तियान हॉयगेन्स यांचे साहाय्यक म्हणून काम केले. १६७५ मध्ये ते लंडनला गेले व तेथे रॉबर्ट बॉइल यांच्या हवेवरील प्रयोगांत सहभागी झाले. १६८० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १६८५ मध्ये फ्रान्सने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्याने त्यांना मायदेशी परतता आले नाही. पुढे जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात ते गणिताचे प्राध्यापक होते.

पाचक आणि सुरक्षा झडप

१६७९ मध्ये पापँ यांनी रॉयल सोसायटीपुढे आपला पाचक सादर केला. घट्ट झाकणाच्या या भांड्यात वाफ कोंडल्याने दाब वाढे, पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश सेल्सिअसच्या वर जाई आणि कठीण हाडेही मऊ शिजत. मात्र दाबाला वाट न मिळाल्यास भांडे फुटण्याचा धोका होता. म्हणून त्यांनी झाकणाला लहान छिद्र ठेवून त्यावर झडप बसवली आणि ती वजन टांगलेल्या तरफेने दाबून धरली. ठरावीक मर्यादेपलीकडे दाब गेला की झडप उचलली जाई व वाफ बाहेर पडे. वजन तरफेवर पुढेमागे सरकवून ही मर्यादा बदलता येई.

वाफेचे इंजिन व अखेरची वर्षे

१६९० मध्ये त्यांनी वाफेने दट्ट्या वर उचलण्याची आणि वाफ थंड झाल्यावर हवेच्या दाबाने तो खाली आणण्याची कल्पना प्रसिद्ध केली. १७०७ मध्ये त्यांनी बांधलेली चाकांची बोट म्युंडेन येथील नावाड्यांनी मोडून टाकली. त्यानंतर ते लंडनला परतले. पण रॉयल सोसायटीकडून त्यांना पुरेसे साहाय्य मिळाले नाही. थॉमस न्यूकोमेन यांचे दट्ट्याचे इंजिन १७१२ मध्ये चालू झाले, तेव्हा पापँ हलाखीत दिवस काढत होते. २६ ऑगस्ट १७१३ रोजी सेंट ब्राइड चर्चमध्ये त्यांचे दफन झाल्याची नोंद आहे.

वारसा

भीमाशंकरसारख्या सुमारे १००० मीटर उंचीच्या ठिकाणी पाणी सुमारे ९७ अंशांनाच उकळते व डाळ शिजायला वेळ लागतो. तेथे कुकरची उपयुक्तता विशेष जाणवते. कुकरची शिटी पापँ यांच्या वजनाचेच काम करते.

थंड देशांत घरे उबदार ठेवणाऱ्या बंदिस्त बॉयलर यंत्रणेतही अशी झडप असते. १० अंशांचे पाणी ८० अंशांपर्यंत तापले की सुमारे ३ टक्के प्रसरण पावते. ही वाढ प्रसरण टाकीतील हवेची उशी सामावून घेते. हवा निघून गेल्यास किंवा आतील पडदा फाटल्यास टाकी पाण्याने भरते, प्रत्येक तापवणीत दाबमापकाचा काटा वर चढतो आणि झडप ठिबकू लागते. अशा वेळी झडप बंद करणे धोक्याचे असते. यंत्रणा थंड करून, टाकीतील पाण्याचा दाब उतरवून मग हवेचा दाब तपासावा लागतो. पडदा फाटला असल्यास टाकीच बदलावी लागते.