माता मार्गारेट : एका शाळेची पहिली सेविका

शाळेचा इतिहास लिहिताना संस्थापकांची, शिक्षकांची व देणगीदारांची नावे अग्रभागी येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आरंभीच्या ओढगस्तीच्या दिवसांत ज्या आईबापांनी चूल पेटविली, फाटके कपडे सांधले, आजारी मुलांच्या उशाशी रात्री जागून काढल्या, त्यांची नावे बहुधा कोठेच नोंदली जात नाहीत. आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी अशाच एका मातेचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. संत जॉन बॉस्को यांचे नाव आपणां सर्वांस परिचित आहे. त्यांच्या पहिल्या शाळेसाठी त्यांच्या आईने काय केले, हे मात्र थोड्यांस ठाऊक असेल.

मार्गारेट ओक्किएना हिचा जन्म १ एप्रिल १७८८ रोजी उत्तर इटलीतील काप्रील्यो या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. तिला लिहितावाचता येत नसे. तथापि धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे तिला मुखोद्गत होती, व तीच तिने पुढे आपल्या मुलांना शिकविली. १८१२ साली फ्रान्सिस बॉस्को या विधुराशी तिचा विवाह झाला. त्यास पहिल्या पत्नीपासून अंतोनियो नावाचा मुलगा होता. मार्गारेटला जोसेफ व जॉन हे दोन पुत्र झाले. ११ मे १८१७ रोजी पतीला देवाज्ञा झाली. त्या वेळी ती अवघी २९ वर्षांची होती, आणि जॉनला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यातच दुष्काळ पडला. पुनर्विवाहाची चांगली मागणी आली असता, मुलांना परक्या हाती सोपवावे लागेल हे पाहून तिने ती नाकारली.

जॉनला शिकण्याची विलक्षण ओढ होती. उलट अंतोनियोला शेतावर राबणारे हात हवे होते. घरातील कलह विकोपास गेला, तेव्हा मार्गारेटने काळजावर दगड ठेवून जॉनला दुसऱ्याच्या शेतावर चाकरीस धाडले. पुढे मोठ्या कष्टाने त्याचे शिक्षण झाले, व ५ जून १८४१ रोजी तो धर्मगुरू झाला.

तुरीन शहर त्या काळी वाढत होते. खेड्यांतून आलेली निराधार पोरे गवंड्यांच्या हाताखाली व कारखान्यांतून राबत, आणि रात्री वाट फुटेल तेथे पडून राहत. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाल्यावर पोटासाठी या शहरात आलेल्या कुटुंबांचे हाल ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असतील, त्यांस हे चित्र परके वाटणार नाही. अशा मुलांना जमवून फादर बॉस्को धर्मशिक्षण देत. १८४६ साली वाल्दोक्को वस्तीत त्यांना एक पडवी भाड्याने मिळाली. परंतु अतिश्रमाने ते मरणाच्या दारी जाऊन आले, व पुन्हा कार्य हाती घेताना त्यांनी आईला सोबत येण्याची विनंती केली. मार्गारेट तेव्हा ५८ वर्षांची होती. नातवंडांत तिचे दिवस सुखाने जात होते. तरी ३ नोव्हेंबर १८४६ रोजी ती मुलासह पायी तुरीनला निघाली.

तेथे घरात काहीच नव्हते. तिने लग्नातील वस्त्रे व दागिना काढून दिला. त्यांतून वेदीची वस्त्रे झाली व काही दिवसांची भाकरी सुटली. १८४७ च्या मे महिन्यात पावसाने चिंब भिजलेला एक अनाथ मुलगा दारी आला. यापूर्वी आश्रय दिलेल्या पोरांनी चादरी-घोंगड्या पळविल्या होत्या. तरीही तिने विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरात त्याचे अंथरूण घातले. ते अंथरूण म्हणजेच त्या वसतिगृहाचा आरंभ होय. पुढे रात्रीचे वर्ग वाढले, आणि १८५३ साली चांभारकाम व शिवणकाम यांच्या कार्यशाळा निघाल्या.

एकदा मुलांनी लढाईच्या खेळात तिचा भाजीचा मळा तुडवून टाकला. कंटाळून तिने गावी परत जाण्याची परवानगी मागितली. फादर बॉस्को यांनी एक शब्दही न बोलता भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखविले. तिने मान लवविली, व पुन्हा कामास लागली. १८५४ च्या पटकीच्या साथीत रोग्यांसाठी कापड संपले, तेव्हा तिने वेदीवरील वस्त्रदेखील देऊन टाकले.

तिच्यापाठोपाठ इतर स्त्रियाही आल्या. तिची बहीण मारियाना मदतीस आली. पुढे तुरीनचे आर्चबिशप झालेले गास्ताल्दी यांची आई मुलांच्या कपड्यांची व्यवस्था पाहू लागली. २५ नोव्हेंबर १८५६ रोजी मार्गारेट निवर्तली, तेव्हा फादर बॉस्को यांचे पहिले उत्तराधिकारी मायकल रुआ यांच्या आईने तिची जागा घेतली, व सुमारे वीस वर्षे ती सांभाळली.

मार्गारेटला सार्वजनिक दफनभूमीत मूठमाती मिळाली. तिची कबर आज दाखविता येत नाही. पण १ एप्रिल १९३४ रोजी, म्हणजे तिच्याच जन्मदिनी, तिचा पुत्र संत म्हणून घोषित झाला, आणि २००६ साली ख्रिस्तसभेने तिलाही पूजनीय म्हणून गौरविले.

अक्षरशत्रू असलेल्या या मातेने शाळेस विद्या दिली नाही. तिने शाळेस घरपण दिले. आपल्याही शाळांसाठी ज्या मातापित्यांनी गाजावाजा न करता हात झिजविले, त्यांचे स्मरण या महोत्सवात राहो, आणि त्यांचा वसा पुढील पिढी उचलो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.