तुरुंगाला न भ्यालेली मुलगी : डॉ. रखमाबाई

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या आठवणी या स्मरणिकेत बरेच जण लिहिणार, म्हणून मी आपल्या मुंबईच्याच एका बाईंविषयी लिहायचं ठरवलं. डॉ. रखमाबाईंचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, त्यांच्यावर मराठी सिनेमाही निघाला. पण त्यांनी नेमकं केलं काय, हे नव्या पिढीला माहीत असायला हवं.

जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले. आई जयंतीबाई तेव्हा ऐन तारुण्यातही नव्हत्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्नाची मोकळीक होती. जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर केली आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. सखाराम अर्जुन मोठे विद्वान, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे. तरी रूढीपुढे त्या घराचंही चाललं नाही. अकराव्या वर्षी रखमाचं लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी लागलं. जावयाने शिकून मोठं व्हावं अशी सासरेबुवांची अपेक्षा होती, पण त्याने शिक्षण सोडून दिलं. रखमा मात्र माहेरी राहून मिळेल ते पुस्तक वाचत राहिली.

१८८४ साली दादाजींनी बायकोला नांदायला पाठवा म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंनी साफ नकार दिला. अजाण वयात, मला न विचारता झालेलं लग्न माझ्यावर बंधनकारक कसं, हा त्यांचा मुद्दा. सखाराम अर्जुन पाठीशी होते, पण निकाल लागण्याआधीच ते वारले. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. असा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नाहीच, तो इंग्लंडच्या कायद्यातून इकडे आलाय, हे त्यांनी दाखवून दिलं. गंमत बघा, खुद्द इंग्लंडने १८८४ मध्येच अशा दाव्यातली तुरुंगाची शिक्षा रद्द केली होती. इथे मात्र ती चालूच होती!

अपिलात तो निकाल फिरला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बावीस वर्षांच्या त्या मुलीने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

सगळीकडे खळबळ उडाली. टिळकांचा ‘केसरी’ विरोधात, तर मलबारी आणि पंडिता रमाबाई बाजूने. रखमाबाईंनी त्याआधीच ‘टाइम्स ऑफ इंडिया’त नाव न देता, एक हिंदू स्त्री म्हणून, बालविवाहावर पत्रं लिहिली होती. परकं सरकार आणि घरची रूढी, दोघांनी मिळून एका मुलीला कोंडीत पकडलं होतं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. या वादातूनच पुढे १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. आज बारा म्हटलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा तेवढ्यासाठीही रण माजलं होतं.

कामा हॉस्पिटलच्या डॉ. इडिथ पीची यांनी धीर दिला, मदत उभी केली. १८८९ ला रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन १८९५ च्या सुमारास परतल्या. मग सुरत आणि राजकोट इथे बायकांच्या दवाखान्यांत मिळून सुमारे पस्तीस वर्षं काम. पुरुष डॉक्टरसमोर जायला लाजणाऱ्या, पडद्यात राहणाऱ्या बायकांना त्यांचा केवढा आधार वाटला असेल! निवृत्तीनंतरही पडदा पद्धतीविरुद्ध त्या लिहीत होत्या. २५ सप्टेंबर १९५५ ला नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

योगायोग असा की, त्याच १९५५ सालच्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून नांदायला बोलावण्याचा दावा आजही आहे. तुरुंग गेला, दावा राहिला. आज आपल्या बिल्डिंगमधल्या कितीतरी शेअर सर्टिफिकेटवर बायकोचंही नाव असतं, मुली डॉक्टर, वकील होतात, याचा आनंद आहेच. पण स्थळ बघायला सुरुवात करण्याआधी तिला विचारलं का, हा रखमाबाईंचा साधा प्रश्न मला अजून जुना झालेला वाटत नाही. आपल्या लेकीसुनांना ही गोष्ट जरूर सांगा. आणि हो, मुलग्यांनाही.